अणुयुद्धात देशाचं नेतृत्व कसं टिकवतात? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाच्या मॉक ड्रिल झाल्या आणि आमच्या राज्यघटनेच्या वर्गातले प्रश्न एका दिवसात बदलले. एरवी कलम ३५२ आणि ३५६ मधला फरक विचारणारी मुलं विचारू लागली, "सर, दिल्लीवरच अणुबॉम्ब पडला तर आदेश कोण देणार?" मग त्यांच्या घरच्यांचे प्रश्न आले, सकाळी फिरायला येणाऱ्या काकांचे आले. विषय गंभीर आहे आणि मराठीत त्यावर नीट लिहिलेलं फारसं सापडत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं एकत्र देतोय.

नेत्यांना आधी वाचवायचं आणि लोकांना वाऱ्यावर सोडायचं, हा अन्याय नाही का?

लोकांसाठी काहीच केलं नाही तर नक्कीच अन्याय आहे. पण नेतृत्व वाचवण्याचं कारण नेत्याचा जीव जास्त मोलाचा, असं नाही. युद्ध सुरू करायला एक अधिकारी आणि एक चूक पुरते. ते थांबवायला मात्र सगळ्या सैन्याला मान्य असलेला, ओळखता येणारा आणि शत्रूशी बोलू शकणारा अधिकार जिवंत असावा लागतो. तो संपला तर शरण जायलाही कोणी उरत नाही आणि युद्धबंदीवर सही करायलाही. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेची खरी परीक्षा एकच: शेवटच्या क्षणी "थांबा" म्हणणारा कोणी उरतो का, आणि त्याचं ऐकलं जातं का?

असं कधी खरंच घडलंय का?

घडलंय, जपानमध्ये, ऑगस्ट १९४५ मध्ये. हिरोशिमावर ६ तारखेला आणि नागासाकीवर ९ तारखेला बॉम्ब पडला. ९ तारखेच्या रात्री टोकियोच्या राजवाड्यातल्या भूमिगत निवाऱ्यात सम्राटासमोर बैठक बसली. शरण जावं की लढत राहावं, यावर मंत्री आणि सेनापती यांच्यात सरळ फूट पडली होती. सम्राट हिरोहितोनं शरणागतीच्या बाजूनं कौल दिला. पुढं १४ ऑगस्टला त्याचं भाषण ध्वनिमुद्रित झालं. त्या रात्री काही तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी बंड करून राजवाड्याचा ताबा घेतला आणि ती रेकॉर्ड शोधण्यासाठी खोल्या उलथ्यापालथ्या केल्या. रेकॉर्ड त्यांच्या हाती लागली नाही. १५ ऑगस्टच्या दुपारी ती रेडिओवर वाजली आणि लाखोंच्या सैन्यानं शस्त्रं खाली ठेवली.

बंकर म्हटलं की प्रतिहल्ल्याचं बटण डोळ्यांसमोर येतं. इथं त्याच निवाऱ्यात युद्ध थांबवण्याचा निर्णय झाला. सम्राट आधीच मारला गेला असता तर तो निर्णय कोणी घेतला असता आणि कोणी ऐकला असता?

याच गोष्टीची दुसरी बाजू हिरू ओनोदाची. हा जपानी लेफ्टनंट फिलिपिन्सच्या लुबांग बेटावर १९७४ पर्यंत लढतच राहिला. युद्ध संपल्याची पत्रकं त्यानं खोटी मानली. अखेर त्याच्या जुन्या मेजरला, जो तोवर पुस्तकविक्रेता झाला होता, जंगलात नेऊन समोरासमोर आदेश वाचून दाखवावा लागला, तेव्हा ओनोदानं बंदूक खाली ठेवली. आदेश कोणाकडून आलाय याची खात्री पटल्याशिवाय शिस्तीचा सैनिक हलत नाही. अण्वस्त्रांच्या बाबतीत तर त्यानं हलूच नये.

भारतात अण्वस्त्र वापरण्याचा आदेश कोण देऊ शकतं?

४ जानेवारी २००३ रोजी सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीनं हे जाहीर केलं. न्यूक्लिअर कमांड ऑथॉरिटीत दोन परिषदा आहेत. राजकीय परिषदेचे अध्यक्ष पंतप्रधान. अण्वस्त्र वापराची परवानगी फक्त ही परिषद देऊ शकते. कार्यकारी परिषदेचे अध्यक्ष राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. ती माहिती आणि सल्ला पुरवते आणि राजकीय परिषदेचे आदेश अमलात आणते. प्रत्यक्ष अस्त्रांची जबाबदारी स्ट्रॅटेजिक फोर्सेस कमांडकडे असते.

त्याच निवेदनात एक वाक्य होतं, ज्याकडे बातम्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. सर्व प्रकारच्या परिस्थितीत प्रत्युत्तराचा हल्ला करता यावा यासाठी पर्यायी आदेशसाखळीच्या व्यवस्थेचा आढावा घेऊन तिला मंजुरी दिली आहे, असं ते वाक्य. म्हणजे "दिल्ली गेली तर काय?" हा प्रश्न सरकारनं स्वतःला विचारलेला आहे आणि त्याचं उत्तर कागदावर आहे. तो कागद गुप्त आहे.

राष्ट्रपती तर तिन्ही सेनादलांचे सर्वोच्च सेनापती. मग त्यांच्याकडे हा अधिकार का नाही?

कलम ५३ नुसार सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, पण ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वापरलं जातं. निर्णय निवडून आलेल्या सरकारचा.

पंतप्रधानच हल्ल्यात गेले तर त्यांची जागा कोण घेतं?

इथं मला थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण आपल्या व्यवस्थेतली सगळ्यात कच्ची जागा मला ही वाटते.

राष्ट्रपतींच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. राष्ट्रपती नसतील तर उपराष्ट्रपती. तेही नसतील तर १९६९ च्या कायद्यानुसार भारताचे सरन्यायाधीश आणि तेही नसतील तर सर्वोच्च न्यायालयाचे उपलब्ध असलेले सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश. या कायद्याचा वापर झाला तोही त्याच वर्षी. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं निधन झालं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काम पाहू लागले. निवडणूक लढवण्यासाठी त्यांनी २० जुलैला राजीनामा दिला आणि सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले. हे नाव नागपूरला परकं नाही. ते इथल्या मॉरिस कॉलेजात शिकले, नागपूरच्या उच्च न्यायालयात त्यांनी वकिली केली आणि पुढं त्याच न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीत आले तेव्हा त्यांचं स्वागत हंगामी राष्ट्रपती म्हणून हिदायतुल्लांनी केलं. पाच आठवडे देशाचं सर्वोच्च पद एका न्यायाधीशाकडे होतं आणि कुठं कुरकुर झाली नाही. नियम आधी लिहिलेला असला की असं होतं.

पंतप्रधानांच्या बाबतीत अशी यादी नाही. कलम ७५ एवढंच सांगतं की पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतात. उपपंतप्रधान हे घटनेत नमूद केलेलं पदच नाही. २७ मे १९६४ रोजी नेहरू गेले आणि ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदमध्ये शास्त्रीजी गेले, तेव्हा दोन्ही वेळा गुलझारीलाल नंदा यांनी हंगामी पंतप्रधान म्हणून काम पाहिलं. ३१ ऑक्टोबर १९८४ ला ही प्रथा पाळली गेली नाही. सकाळी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. राष्ट्रपती झैलसिंग येमेनमध्ये होते, राजीव गांधी बंगालमध्ये. दोघं परतले आणि संध्याकाळी राजीव यांनी थेट पंतप्रधानपदाची शपथ घेतली. जानेवारी २००९ मध्ये मनमोहन सिंग यांची बायपास झाली, तेव्हा मंत्रिमंडळाच्या बैठका प्रणव मुखर्जी यांनी घ्याव्यात अशी त्यावेळेपुरती सोय केली गेली.

या सगळ्या वेळी देश तरला, कारण हाताशी तास होते, दिल्ली उभी होती, राष्ट्रपती भवन उभं होतं. अणुहल्ल्यात यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. गुप्त आदेशसाखळी सैन्यासाठी पुरेशी असेल. पण हल्ल्यानंतर आकाशवाणीवर कोणी मंत्री बोलू लागला, तर तो खरोखर देशाचा प्रमुख आहे हे जनतेनं, राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी आणि परक्या देशांनी कशावरून मानायचं? बंकर कुठं आहे हे गुप्त राहिलंच पाहिजे. पंतप्रधानांनंतर कोण, त्यांच्यानंतर कोण, हा क्रम मात्र संसदेनं कायदा करून उघडपणे लिहावा, असं माझं ठाम मत आहे. १९६९ मध्ये राष्ट्रपतींसाठी ते करता आलं, तसंच हेही करता येईल.

अमेरिकेत ही यादी आहे का?

आहे. १९४७ च्या कायद्यानुसार उपाध्यक्ष, मग प्रतिनिधीगृहाचे सभापती, मग सिनेटचे ज्येष्ठ सदस्य असलेले हंगामी अध्यक्ष आणि त्यानंतर परराष्ट्रमंत्र्यांपासून सुरू होणारे मंत्री. अध्यक्ष जिवंत आहेत पण काम करू शकत नाहीत, अशा वेळेसाठी १९६७ मध्ये पंचविसावी घटनादुरुस्ती झाली. अध्यक्ष संसदेत वार्षिक भाषण करतात त्या रात्री सगळं सरकार एका छताखाली असतं, म्हणून यादीतल्या एका मंत्र्याला मुद्दाम दुसरीकडे, सुरक्षित जागी ठेवलं जातं.

यादी असूनही घोळ होतो, हे ३० मार्च १९८१ ला दिसलं. अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळी झाडली गेली, उपाध्यक्ष बुश (थोरले) विमानात होते आणि परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी व्हाईट हाऊसमध्ये पत्रकारांसमोर सूत्रं आपल्या हाती असल्याचं सांगून टाकलं. कायद्यानं ते खरं नव्हतं. तिकडं रुग्णालयात डॉक्टरांनी रेगन यांचे कपडे कापून काढले, तेव्हा अण्वस्त्रांसाठी ओळख पटवणारं त्यांचं कार्ड इतर सामानासोबत एफबीआय या तपास यंत्रणेच्या ताब्यात गेलं. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाची ओळख काही काळ पुराव्याच्या पिशवीत पडून होती.

निर्णयासाठी किती वेळ मिळतो?

रशिया आणि अमेरिका यांच्यात आंतरखंडीय क्षेपणास्त्राला सुमारे ३० मिनिटं लागतात. जवळ आलेल्या पाणबुडीतून सोडलं तर त्याच्या निम्मीही नाहीत. भारत आणि पाकिस्तान शेजारी असल्यामुळे इथं हिशेब मोजक्या मिनिटांचा आहे. रडारनं पाहायचं, खात्री करायची, पंतप्रधानांपर्यंत निरोप न्यायचा आणि त्यांना सुरक्षित जागी हलवायचं, हे सगळं त्यातच बसवायचं.

म्हणूनच "प्रथम वापर नाही" हे आपलं धोरण मला नुसतं नैतिक वाटत नाही, ते व्यवहाराचंही आहे. आपण आधी वार करणार नाही, त्यामुळे रडारच्या पडद्यावर ठिपका दिसल्याबरोबर बटण दाबायची सक्ती आपल्या पंतप्रधानांवर नाही. आधी हल्ला खरा आहे का ते बघायचं, मग उत्तर. अट एकच, हल्ला झेलून उत्तर देण्याची ताकद शिल्लक राहिली पाहिजे.

ती ताकद शिल्लक कशी राहते?

मुख्यतः अण्वस्त्रं वाहणाऱ्या पाणबुडीमुळे. आयएनएस अरिहंतनं पहिली प्रतिरोधक गस्त (शत्रूला धाक राहावा म्हणून अण्वस्त्रांसह समुद्रात घातलेली फेरी) पूर्ण केल्याचं ५ नोव्हेंबर २०१८ रोजी जाहीर झालं. दुसरी पाणबुडी अरिघात २९ ऑगस्ट २०२४ ला नौदलात दाखल झाली. समुद्रात दडलेली पाणबुडी शत्रूला सहजासहजी सापडत नाही. त्यामुळे दिल्ली उद्ध्वस्त करूनही आपण वाचणार नाही, हे त्याला कळतं. नेत्यांच्या सुरक्षेचा एवढा मोठा भाग समुद्रात आहे, हे वर्गात सांगितलं की मुलांना नवल वाटतं.

ब्रिटननं यात एक वेगळी रीत ठेवली आहे. नवा पंतप्रधान पदावर आला की स्वतःच्या हातानं चार पत्रं लिहितो, चार पाणबुड्यांसाठी. लंडनमधलं सरकार पूर्ण नष्ट झालं तर कप्तानानं काय करायचं, ते त्यात असतं. पत्र पाणबुडीतल्या तिजोरीत राहतं आणि पंतप्रधान बदलला की न वाचता नष्ट केलं जातं. आपण मेल्यानंतरचा आदेश जिवंतपणी, एकट्यानं बसून लिहायचा. सत्तेचं याहून जड काम मला दुसरं सुचत नाही.

बंकर अणुबॉम्ब सहन करतो का?

किती खोल, किती जवळ आणि किती मोठा बॉम्ब, यावर अवलंबून आहे. अमेरिकेत कोलोरॅडोच्या शायेन डोंगराच्या पोटात १९६६ पासून हवाई संरक्षणाचं केंद्र आहे. वर शेकडो मीटर ग्रॅनाइट, तोंडाशी प्रत्येकी २५ टनांचे दरवाजे आणि आतल्या १५ इमारती हजाराहून जास्त स्टीलच्या स्प्रिंगांवर उभ्या. डोंगर हादरला तरी आतली माणसं आणि यंत्रं भिंतीवर आपटू नयेत म्हणून. तरीही आजच्या अचूक क्षेपणास्त्रांचा थेट मारा झाला तर असा डोंगरही वाचेलच असं नाही.

बंकर बांधणारे एक गोष्ट हमखास विसरतात: तिथं पोहोचायचं कसं. वेस्ट व्हर्जिनियात ग्रीनब्रायर नावाच्या आलिशान हॉटेलाखाली अमेरिकी संसदेसाठी १९५८ ते १९६१ च्या दरम्यान बंकर बांधला गेला. हजाराहून अधिक लोकांची झोपायची सोय, दोन्ही सभागृहांसाठी जागा, सगळं होतं. सरकारी माणसं हॉटेलात टीव्ही दुरुस्तीवाले म्हणून वावरायची आणि पाहुण्यांचे टीव्ही खरंच दुरुस्त करून द्यायची. तीस वर्षं गुपित टिकलं, १९९२ मध्ये एका वृत्तपत्रानं ते फोडलं. पण वॉशिंग्टनपासून ही जागा चारशे किलोमीटर. अर्ध्या तासात येणाऱ्या क्षेपणास्त्राच्या काळात खासदार तिथं पोहोचले कसे असते?

कॅनडानं ओटावाजवळ कार्प गावात बांधलेला चार मजली बंकर आता संग्रहालय आहे. त्यात पंतप्रधानांच्या खोलीइतकीच लक्षात राहते ती बँक ऑफ कॅनडाची सोन्यासाठीची तिजोरी. देश चालवायचा म्हणजे चलन, टपाल, धान्य, न्यायालयं हे सगळं चालवायचं. ही समज मला त्या तिजोरीत दिसते.

विमानातून कारभार चालवता येतो का?

काही काळ येतो. ३ फेब्रुवारी १९६१ पासून २४ जुलै १९९० पर्यंत अमेरिकेचं एक कमांड विमान अखंड हवेत असायचं. एक उतरायच्या आत दुसरं वर. जमिनीवरचं मुख्यालय गेलं तरी आत बसलेला जनरल आदेश देऊ शकत असे. आजही बोईंग ७४७ वर आधारलेली चार विमानं त्या कामासाठी आहेत. पण ११ सप्टेंबर २००१ ला, दहशतवादी हल्ल्याच्या दिवशी, अध्यक्ष बुश (धाकटे) विमानात असताना त्यांचा वॉशिंग्टनशी संपर्क वारंवार तुटत होता. तोही अणुहल्ला नसताना.

भारताच्या पंतप्रधानांसाठी ऑक्टोबर २०२० मध्ये आलेली बोईंग ७७७ विमानं हवाई दल चालवतं आणि त्यांच्यावर क्षेपणास्त्रापासून बचावाची यंत्रणा आहे. ती प्रवासासाठीची विमानं आहेत. कमांड विमानाचं काम वेगळं.

नेता वाचला, पण मोबाईल, इंटरनेट सगळं बंद पडलं तर?

बंद पडेलच, असं धरूनच तयारी करतात. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेनं प्रशांत महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा स्फोट केला. सुमारे १,४०० किलोमीटरवरच्या होनोलुलूत रस्त्यावरचे काही दिवे गेले. उंचावरच्या स्फोटातून निघणारी विद्युतचुंबकीय लाट तारांमध्ये आणि उपकरणांमध्ये घुसते. म्हणून लष्करी यंत्रणा धातूच्या कवचात ठेवतात, एकाच कामासाठी चार वेगळे मार्ग ठेवतात आणि पाणबुडीशी बोलायला अतिशय कमी वारंवारतेच्या लहरी वापरतात, ज्या पाण्यात थोड्या खोलवर पोहोचतात.

मग हे सगळं यंत्रावर का सोडत नाहीत?

सोव्हिएत संघानं त्या दिशेनं पाऊल टाकलं होतं. १९८५ मध्ये सुरू झालेली "पेरिमीटर" यंत्रणा स्फोटांची चिन्हं आणि नेतृत्वाशी तुटलेला संपर्क टिपते. मग खोल बंकरमधल्या मोजक्या अधिकाऱ्यांच्या हाती निर्णय येतो, आणि ते रॉकेट सोडून सगळ्या क्षेपणास्त्रांना आदेश प्रसारित करू शकतात. शेवटी माणूस ठेवला, हे त्यांनी बरं केलं. कारण २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत उपग्रहांनी अमेरिकी क्षेपणास्त्रं निघाल्याचा इशारा दिला, तेव्हा कामावर असलेल्या स्तानिस्लाव पेत्रोव यांनी तो खोटा ठरवला. ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश होता तो. यंत्राकडे शंका घ्यायची कुवत नसते.

२५ जानेवारी १९९५ ला नॉर्वेतून एक वैज्ञानिक अग्निबाण उडाला, ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी. रशियाला आगाऊ कळवलं होतं, पण निरोप रडारवाल्यांपर्यंत गेला नव्हता. रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रांचा आदेश देण्याची ब्रीफकेस उघडली गेली. एक सरकारी पत्र टेबलावर अडकलं म्हणून.

खालच्या अधिकाऱ्यांना आधीच अधिकार देऊन ठेवले तर?

अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस काही सेनापतींना असे अधिकार दिले होते. ती कागदपत्रं पुढं खुली झाली. यात पेच असा: घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवली तर अडचणीच्या वेळी दार उघडतं, पण दहा शेजाऱ्यांकडे ठेवली तर दार बंद असण्याला अर्थ उरत नाही. अधिकार एकाच हातात ठेवला तर शत्रूला तो हात छाटण्याचा मोह होतो. तो वाटला तर चुकीचा धोका वाढतो. भारतात अधिकार राजकीय नेतृत्वाकडेच राहील, हे २००३ च्या निवेदनात स्पष्ट आहे, आणि ते तसंच राहावं.

पाकिस्तानात कसं आहे?

तिथं फेब्रुवारी २००० मध्ये नॅशनल कमांड ऑथॉरिटी जाहीर झाली. २००९ पासून अध्यक्षपद पंतप्रधानांकडे आहे. रोजचा कारभार लष्कराच्या नियंत्रणातला स्ट्रॅटेजिक प्लॅन्स डिव्हिजन पाहतो. "प्रथम वापर नाही" असं त्यांनी म्हटलेलं नाही.

शत्रूच्या नेत्यांनाच पहिल्या फटक्यात का मारू नये?

टीव्हीवरच्या चर्चेत हे जोरात बोललं जातं. समजा मारलं. मग उरलेल्या अस्त्रांवर बसलेल्या ब्रिगेडियरला "थांब" कोण सांगणार? आपण युद्धबंदीचा फोन कोणाला लावणार? वर जपानचं उदाहरण दिलंच आहे. शत्रूचं नेतृत्व जिवंत असणं हे आपल्याही हिताचं असतं.

याच कारणानं दोन देशांमधले साधे वाटणारे करार मला बंकरांइतकेच महत्त्वाचे वाटतात. १९८८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करणार नाहीत, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला त्या केंद्रांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. संबंध कितीही ताणलेले असले तरी होते. दोन्हीकडच्या लष्करी कारवाई महासंचालकांमध्ये थेट फोन आहे. ९ मार्च २०२२ ला आपलं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानातल्या मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यावर स्फोटकं नव्हती, जीवितहानी झाली नाही, भारतानं चूक मान्य केली. त्या दिवशी समोरच्या बाजूला निर्णय घेणारं, धीर धरणारं कोणी होतं, म्हणून प्रकरण निवळलं.

नागपूर देशाच्या मध्यभागी आहे. युद्धात राजधानी इथं हलवतील का?

झिरो माईलजवळ राहणाऱ्या प्रत्येकाला हा विचार कधी ना कधी सुचतो. सीमेपासून दिल्ली ४०० किलोमीटरच्या आत आहे आणि नागपूर ९०० च्या आसपास, हे खरं. पण पाकिस्तानच्या शाहीन-३ चा जाहीर पल्लाच २,७५० किलोमीटर आहे. आणि नागपूर काही आडगाव नाही. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथं, अंबाझरीला आयुध निर्माणी, कामठीला छावणी, शेजारी पुलगावला दारूगोळ्याचं मोठं भांडार. अंतराची ढाल आता उरलेली नाही. जाहीर झालेली पर्यायी राजधानी म्हणजे शत्रूच्या नकाशावरचा आणखी एक ठिपका.

नागपूरकडून शिकण्यासारखं मात्र वेगळंच आहे. १९५३ च्या नागपूर करारामुळे दर हिवाळ्यात राज्य सरकार मुंबईहून इथं येतं. फायलींच्या पेट्या ट्रकमधून उतरतात, त्यावर विभागांची नावं चिकटवलेली असतात. मुख्यमंत्री रामगिरीवर, मंत्री रविभवनात, राज्यमंत्री नागभवनात, आमदार आमदार निवासात. टेलिफोनच्या लाइनी जोडल्या जातात, कारकुनांची टेबलं लागतात, आणि दोन दिवसांत विधानभवनात प्रश्नोत्तरं सुरू. अधिवेशन आठ-पंधरा दिवसांत आटोपतं ही विदर्भाची तक्रार आहेच, आणि ती रास्त आहे. पण मंत्रालयातल्या शिपायापासून सचिवापर्यंत सगळ्यांना कारभार उचलून दुसऱ्या गावी मांडायची सवय आहे. ही सवय कागदी आराखड्यातून येत नाही. दरवर्षी करून येते. ऐनवेळी कारभार हलवण्याची खरी तालीम म्हणजे हेच. फक्त युद्धात पंधरा दिवस आधी नोटीस मिळत नाही.

या विषयाशी संबंधित नागपुरात काही आहे का?

आहे, आणि बऱ्याच नागपूरकरांना त्याची कल्पना नसते. १९५७ मध्ये इथं केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तीच पुढं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली आणि आता एनडीआरएफ अकादमीत सामावली आहे. देशभरातले अधिकारी ढिगाऱ्याखालून माणूस काढण्यापासून किरणोत्सार मोजण्यापर्यंतचं शिक्षण इथं घेऊन गेले. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही नागपुरातच आहे.

दिल्ली आणि मुंबई दोन्हींशी संपर्क तुटला तर नागपुरात कोण सरकार?

जिल्हाधिकारी. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा प्राधिकरणाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आहे आणि नागरी संरक्षणाचं नियंत्रकपदही बहुतेक ठिकाणी त्यांच्याचकडे असतं. हिरोशिमाचे महापौर सेनकिची अवाया पहिल्याच दिवशी मारले गेले. शहराचा कारभार ज्यांनी पुढं रेटला ते उरलेले मधले, खालचे कर्मचारी होते. म्हणून प्रत्येक कार्यालयात "साहेब नसतील तर कोण" याची यादी भिंतीवर असावी. महापालिकेत, पाणीपुरवठ्यात, मेडिकलमध्ये, कोराडीच्या वीज केंद्रात. वर्गात मी मुलांना सांगतो, नोकरीला लागलात की पहिल्या महिन्यात ही यादी मागा.

प्रत्यक्ष हल्ला झालाच तर आम्ही काय करायचं?

लखलखाट दिसला तर त्याकडे बघू नका, जमिनीवर पालथे पडा. मग शक्य तितक्या लवकर पक्क्या इमारतीत जा. टिनाच्या छपराखाली थांबू नका. स्लॅबच्या इमारतीत मधल्या मजल्यावरची, बाहेरच्या भिंतीपासून लांबची खोली निवडा. किरणोत्सारी धूळ पहिल्या काही तासांत सगळ्यात घातक असते. वेळ सातपट झाला की किरणोत्सार साधारण दहावा हिस्सा उरतो. स्फोटानंतर एका तासाच्या पातळीच्या तुलनेत सात तासांनी एक दशांश, दोन दिवसांनी एक शतांश. म्हणून पहिले दोन दिवस आत राहणं हीच मोठी गोष्ट.

उन्हाळा असेल तर कूलर ताबडतोब बंद करा. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा ओढून खोलीत सोडतो, म्हणजे तुम्ही ती धूळ स्वतःच घरात घेताय. कूलरच्या खिडकीवर प्लास्टिक किंवा जाड सतरंजी लावून फटी चिकटपट्टीनं बंद करा. माठ आणि ड्रम झाकून ठेवा. बाहेरून आलेल्यानं कपडे दाराबाहेर काढावेत, अंग साबणानं धुवावं.

खरा आदेश कोणता आणि अफवा कोणती, हे कसं ओळखायचं?

भोंग्याचा आवाज चढ-उतार करत असेल तर धोका आहे, सरळ एका सुरात असेल तर धोका टळला. त्यापुढची सूचना आकाशवाणीवर ऐका. मोबाईलवर फिरणाऱ्या ध्वनिफिती पुढं पाठवू नका, मग त्यात आवाज कोणाही मोठ्या नेत्याचा असो. त्यासाठी घरात सेलवर चालणारा एक साधा रेडिओ हवा, ज्यावर आकाशवाणी नागपूर लागतं. विकत घेताना त्यावर मीडियम वेव्ह आहे का ते बघा, हल्लीच्या बऱ्याच संचांत नुसतं एफएम असतं. सेल संचात घालून ठेवू नका, गळतात. वेगळे, पिशवीत बांधून, रेडिओच्याच खणात ठेवा.